मदत करणाऱ्याला जाब विचारता येतो का? आर्मेनियाचा कारभार, परदेशस्थ आर्मेनियन आणि एका स्वतंत्र संस्थेचे अहवाल

पिंपळपान (धागालेखक)

आर्मेनियाची लोकसंख्या 30 लाखांच्या आसपास आहे, म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या एकट्या पुणे शहराएवढी. देशाबाहेर राहणाऱ्या आर्मेनियन वंशाच्या लोकांची संख्या मात्र 70 लाख किंवा त्याहून अधिक धरली जाते. घरात राहणाऱ्यांपेक्षा बाहेर राहणारे दुप्पट असतील, तर घरच्या कारभारात बाहेरच्यांचा शब्द किती चालावा, हा प्रश्न तिथे 1991 च्या स्वातंत्र्यापासून सुटलेला नाही. ‘पॉलिसी फोरम आर्मेनिया’ या संस्थेचे काही अहवाल नुकतेच सलग वाचले आणि या प्रश्नाची इतकी स्पष्ट मांडणी पूर्वी कुठे वाचल्याचे आठवले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

संस्थेबद्दल आधी थोडे. ही सरकारी संस्था नाही, कोणत्या पक्षाची शाखा नाही आणि चर्चशीही तिचा संबंध नाही. वॉशिंग्टन आणि आर्मेनियाची राजधानी येरेवान अशा दोन ठिकाणांहून काम करणाऱ्या, देशातल्या आणि परदेशातल्या आर्मेनियन व्यावसायिकांनी, त्यातही प्रामुख्याने अर्थतज्ज्ञांनी, उभा केलेला हा अभ्यासगट आहे. हे वेगळेपण लक्षात येण्यासाठी परदेशस्थ आर्मेनियन समाजाची जुनी घडण ठाऊक असावी लागते. त्या समाजाला आर्मेनियन भाषेत ‘स्प्युर्क’ म्हणतात. ऑटोमन साम्राज्यातील 1915 च्या नरसंहारानंतर बैरूत, अलेप्पो, पॅरिस, बॉस्टन अशा ठिकाणी विखुरलेल्या या लोकांचे सार्वजनिक जीवन चर्च, तीन जुने पक्ष आणि धर्मादाय संस्था यांच्या आधाराने चालत आले. हुंचाक पक्ष 1887 चा, दाश्नाक 1890 चा, रामगावार 1921 चा. 1906 मध्ये कैरोत स्थापन झालेला ‘आर्मेनियन जनरल बेनेव्होलंट युनियन’ हा सर्वांत मोठा धर्मादाय संघ. आजच्या प्रजासत्ताकापेक्षा या सगळ्या संस्था कितीतरी जुन्या आहेत आणि भाषा, धर्म व स्मृती टिकवणे हे त्यांचे मूळ काम आहे. स्वतंत्र आर्मेनियाचे सरकार कर कसा गोळा करते, निवडणूक कशी घेते, आयातीचे परवाने कोणाच्या हाती आहेत, हे प्रश्न त्यांच्या कामाच्या चौकटीत कधी फारसे आलेच नाहीत. ‘पॉलिसी फोरम’ने नेमके तेच प्रश्न हाती घेतले.

या संस्थेचा ज्या अहवालावर मला मुख्यतः बोलायचे आहे, तो फेब्रुवारी 2010 मधला असून स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांतील आर्मेनिया आणि परदेशस्थ समाज यांच्या संबंधांवर आहे. (वीस वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा दीड वर्ष बाकी होते, अर्थतज्ज्ञांच्या हिशेबात एवढी सूट चालत असावी.) माझ्या वाचनानुसार त्याचा रोख असा आहे की, हे नाते पैसा आणि भावना या दोनच रुळांवर चालत राहिले. सरकारला बाहेरच्यांचे पैसे हवे होते, मत नको होते. आणि बाहेरच्या संस्थांनीही तो सौदा फारशी कुरकूर न करता मान्य केला. परिणामी परदेशस्थ समाजाने रस्ते, शाळा, रुग्णालये बांधून दिली, पण कारभार सुधारण्यासाठी आपले वजन वापरले नाही.

हे असे का झाले, हे समजण्यासारखे आहे. 7 डिसेंबर 1988 च्या स्पिताक भूकंपात सुमारे 25,000 माणसे गेली आणि परदेशस्थ समाजाचा मायभूमीशी पहिला मोठा संबंध ढिगाऱ्यातून आला. ज्याच्या घरावर छप्पर नाही त्याच्याकडे हिशेबाची वही कोण मागणार? पाठोपाठ काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशावरून अझरबैजानशी युद्ध आले, 1993 मध्ये तुर्कस्तानने सीमा बंद केली, येरेवानमधील लोकांनी विजेविना आणि उबेविना हिवाळे काढले. 1992 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ‘हायास्तान’ अखिल आर्मेनियन निधी स्थापन झाला आणि दर वर्षी अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लॉस एंजेलिसहून त्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम होऊ लागला. आर्मेनियातील गोरिस ते काराबाखमधील स्तेपानाकेर्त हा रस्ता या निधीतून झाला. अमेरिकेतील उद्योगपती कर्क करकोरियन यांच्या लिन्सी फाउंडेशनने येरेवानचे रस्ते, नाट्यगृहे आणि भूकंपग्रस्त भागातील घरे यांवर कोट्यवधी डॉलर खर्च केले.

या मदतीत वाईट काहीच नाही. परंतु राज्याने करायचे काम बाहेरच्याने केले की राज्याच्या तिजोरीतील तेवढे पैसे मोकळे होतात आणि ते कुठे गेले हे विचारण्याची सवय कोणालाच राहत नाही. 2000 नंतरच्या दशकात साखर आणि इंधन यांसारख्या वस्तूंची आयात मोजक्या, सत्तेच्या जवळच्या लोकांच्या हाती एकवटली होती, हे आर्मेनियात जगजाहीर होते. त्याच दशकात बाहेरून येणाऱ्या देणग्याही चालू होत्या. दात्यांची नाराजी खासगीत व्यक्त होत असे, व्यासपीठावर मात्र टाळ्याच वाजत.

कायद्यानेही दार असेच अर्धवट उघडे ठेवले. 1995 च्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्वावर बंदी घातली. नोव्हेंबर 2005 च्या सार्वमताने ती उठली आणि 2007 मध्ये दुहेरी नागरिकत्वाचा कायदा झाला. पण त्याच सुमारास परदेशातील दूतावासांत मतदान करण्याची सोय काढून टाकण्यात आली. म्हणजे पासपोर्ट घ्या, परंतु मत द्यायचे असेल तर विमानाचे तिकीट काढून या. पुढे 2008 मध्ये परदेशस्थ आर्मेनियनांसाठी वेगळे मंत्रालयही निघाले. त्याच्या कामात उन्हाळी शिबिरे, संमेलने आणि पदके यांना जेवढी जागा होती, तेवढी धोरणाच्या चर्चेला नव्हती.

बाहेरच्यांच्या मताची खरी किंमत ऑक्टोबर 2009 मध्ये दिसली. तुर्कस्तानशी राजनैतिक संबंध सुरू करणारे करार झुरिकमध्ये 10 ऑक्टोबरला सह्यांसाठी तयार होते. त्याआधी राष्ट्राध्यक्ष सर्झ सार्गस्यान पॅरिस, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, बैरूत आणि रोस्तोव असा दौरा करून आले. पॅरिस आणि लॉस एंजेलिसमध्ये तर त्यांच्यासमोर उघड निदर्शने झाली. सह्या ठरल्या दिवशीच झाल्या. ते करार पुढे कोणत्याच संसदेने संमत केले नाहीत हा भाग वेगळा, पण ‘सल्लामसलत’ हा शब्द तिथे कोणत्या अर्थाने वापरला जातो हे त्या आठवड्यात कळले. 2010 चा अहवाल याच पार्श्वभूमीवर आला.

माझे मत असे की, अहवालाचे निदान बरोबर आहे, औषधाबद्दल मात्र मला शंका आहे. सत्तर लाख लोकांच्या वतीने कारभाराचा जाब विचारायचा, तर विचारणार कोण? चर्च, पक्ष की श्रीमंत दाते? त्यांतल्या कोणालाही त्या सत्तर लाखांनी निवडून दिलेले नाही. जाणकारांनी यावर लिहावे.

आकडेमोड

धागा आवडला. संस्थेचे दुसरे काम आपण वगळले आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक टिकाऊ आहे. 19 फेब्रुवारी 2008 रोजी आर्मेनियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. अधिकृत निकालानुसार सार्गस्यान यांना सुमारे 52.8 टक्के आणि माजी राष्ट्राध्यक्ष लेवोन तेर-पेत्रोस्यान यांना सुमारे 21.5 टक्के मते मिळाली. विरोधकांनी निकाल नाकारला, रोज निदर्शने झाली, 1 मार्चला सुरक्षा दलांशी झालेल्या संघर्षात 10 माणसे मेली आणि 20 दिवसांची आणीबाणी लागली. युरोपीय निरीक्षकांचे पहिले निवेदन सौम्य होते, त्यांचा अंतिम अहवाल बराच कडक निघाला. पण तोपर्यंत नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी उरकला होता.

‘पॉलिसी फोरम’ने त्याच वर्षी या निवडणुकीवर अहवाल काढला आणि मतदान केंद्रांचे अधिकृत आकडेच तपासायला घेतले. या तपासणीमागचा विचार सोपा आहे. एखाद्या केंद्रावर पेटीत जादा मतपत्रिका टाकल्या, तर दोन गोष्टी एकदम घडतात: त्या केंद्राचे मतदान वाढते आणि वाढलेली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात पडतात. म्हणून केंद्रनिहाय मतदानाची टक्केवारी आडव्या अक्षावर आणि उमेदवाराचा वाटा उभ्या अक्षावर मांडला, की ठिपक्यांचा कल बोलू लागतो. मतदान जसजसे जास्त, तसतसा एकाच उमेदवाराचा वाटा चढत जातो आणि बाकीच्यांचा घसरतो, असे चित्र दिसले तर शंका घ्यायला जागा असते.

इथे सावधगिरीही हवी. खेड्यांत मतदान जास्त होते आणि खेडी सरकारी पक्षाकडे झुकलेली असतात, एवढ्या निरुपद्रवी कारणानेही तोच कल दिसू शकतो. त्यामुळे शहराची शहराशी, एका प्रांताची त्याच प्रांताशी तुलना करावी लागते, आणि तरीही हाती लागतो तो संशय, पुरावा नव्हे. पण संशयाला आकार देणे हेसुद्धा काम आहे. ‘गैरप्रकार झाले’ या विधानाला सरकार ‘सिद्ध करा’ म्हणून उत्तर देते. ‘या केंद्रांतील आकडे असे का?’ या प्रश्नाला उत्तर देणे त्याला जड जाते.

आता याचा आणि परदेशस्थांचा संबंध सांगतो. लाखो आर्मेनियन नागरिक कामासाठी रशियात होते. 2007 नंतर त्यांना तिथून मत देता येत नव्हते, पण गावच्या मतदारयादीत त्यांची नावे कायम होती. त्या गैरहजर माणसांच्या नावाने मतदान होते, हा आरोप विरोधी पक्ष आणि स्थानिक निरीक्षक वर्षानुवर्षे करत होते. कोणी मत दिले याची सह्यांची यादी गोपनीय असल्यामुळे तो पडताळताच येत नसे. 2016 च्या निवडणूक कायद्यातील वाटाघाटींनंतर ती यादी जाहीर करण्याचे मान्य झाले आणि 2017 च्या संसदीय निवडणुकीत सह्या असलेल्या याद्या प्रथमच लोकांसमोर आल्या. म्हणजे आपण ज्याला मतदानाचा हक्क नाही असे म्हणता आहात, त्या माणसाचे मत कदाचित दर वेळी पडत होते. फक्त ते त्याने दिलेले नव्हते.

दर्यावर्दी

परदेशस्थाने मायदेशाचा कारभार कसा असावा हे सांगणे, ही आर्मेनियनांच्या बाबतीत 1991 नंतरची गोष्ट नाही, आणि तिची सुरुवात आपल्याकडे झाली आहे. अठराव्या शतकात मद्रासला इराणमधील नवजुल्फाहून आलेल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांची मोठी वसाहत होती. त्यांतील शहामीर शहामीरियन यांच्या छापखान्यातून ‘वोरोगायत पारात्स’ नावाचे पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर 1773 हे साल आहे, पण प्रत्यक्ष छपाई त्यानंतर काही वर्षांनी झाली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. त्या पुस्तकात भावी स्वतंत्र आर्मेनियाच्या राज्यघटनेचा मसुदा आहे. त्या वेळी आर्मेनिया ऑटोमन आणि इराणी सत्तांत वाटला गेला होता. देश नव्हता, पण मद्रासमध्ये बसलेल्या व्यापाऱ्याने त्याची निवडून आलेली संसद कागदावर आणून ठेवली होती. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘आझ्दारार’ हेही मद्रासलाच 1794 मध्ये निघाले.

मुंबईच्या वाचकांसाठी: फोर्टमध्ये 1796 चे आर्मेनियन चर्च आहे. कोलकात्यात 1821 पासून चालू असलेले आर्मेनियन कॉलेज आहे. या सगळ्या वसाहती आता जवळपास रिकाम्या झाल्या, पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शहामीरियन यांना राजे नको होते, कायदा हवा होता. परदेशस्थ समाजाकडे पैशाखेरीज द्यायला विचारही असतात, ही परंपरा ‘पॉलिसी फोरम’ने नव्याने सुरू केली असे म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही, जरी मध्ये दोनशे वर्षांचा खंड असला तरी.

उंबरठा

मी या चर्चेत थोडी विरोधी बाजू मांडतो. माझी पुतणी येरेवानला वैद्यकीय शिक्षणासाठी होती आणि मी दोनदा तिच्याकडे राहून आलो. तिच्या घरमालकीणबाईंचे आईवडील 1947 साली बैरूतहून आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टालिनच्या सरकारने परदेशस्थ आर्मेनियनांना मायदेशी परतण्याचे आवाहन केले आणि 1946 ते 1948 या काळात सुमारे 90 हजार ते एक लाख माणसे सीरिया, लेबनॉन, ग्रीस, फ्रान्स, इराण इथून सोव्हिएत आर्मेनियात आली. आल्यावर त्यांना कळले की इथे भाकरीसाठी रांग आहे आणि बोलण्यावर पहारा आहे. 1949 मध्ये त्यांच्यातल्या अनेकांची रवानगी सायबेरियातील अल्ताईला झाली. स्थानिक लोक त्यांना ‘अख्पार’ म्हणत. मूळ शब्दाचा अर्थ ‘भाऊ’, पण उच्चारात टोमणा. बाईंना पंचाहत्तरीतही तो शब्द आठवला की त्या गप्प होत.

सांगायचे ते असे की, बाहेरून येणारे आणि घरात राहणारे यांच्यातला अविश्वास हा 1991 नंतरच्या सरकारांनी निर्माण केलेला नाही. पश्चिमेकडील आर्मेनियन आणि आर्मेनियातील आर्मेनियन यांची बोलीही वेगळी, लिहिण्याची पद्धतही वेगळी. 1922 मध्ये सोव्हिएत राजवटीने शुद्धलेखन बदलले, ते बाहेरच्यांपैकी बहुतेकांनी स्वीकारलेच नाही. अशा परिस्थितीत ग्लेनडेल किंवा वॉशिंग्टनमध्ये सुस्थितीत असलेल्या माणसाने ‘तुमचा कारभार सुधारा’ असे सांगितले, तर गुम्रीत भूकंपानंतर वीस वर्षे लोखंडी डब्यात संसार केलेल्या माणसाला ते कसे ऐकू येत असेल? निर्णयाची झळ ज्याला बसणार नाही, त्याने निर्णय सुचवावेत का? 2009 च्या झुरिक करारांचेच उदाहरण घ्या. बंद सीमेमुळे महाग पडणारा माल गुम्रीचा माणूस घेत होता, करारांविरुद्धचे फलक लॉस एंजेलिसमध्ये होते. धागालेखकांनी तो प्रसंग बाहेरच्यांना डावलल्याचा नमुना म्हणून दिला आहे; मला तो उलट्या बाजूनेही वाचता येतो.

शिवाय ‘परदेशस्थ समाज’ हा एक नाही. नरसंहारातून वाचलेल्यांचे वंशज निराळे आणि 1990 नंतर रशियात बांधकामावर गेलेला शिराक प्रांतातला गवंडी निराळा. पहिला देणगी पाठवतो, दुसरा घरखर्च. अहवालांची भाषा आणि चिंता पहिल्याच्या आहेत.

पिंपळपान (धागालेखक)

उंबरठा, शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. देणगीचे पैसे निधीमार्फत, समारंभपूर्वक येतात. गवंड्याचे पैसे बँकेतून बायकोच्या हाती पडतात आणि त्यातून किराणा, शाळा, औषधे निघतात. एकूण रकमेत दुसरा प्रवाह पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, पण व्यासपीठावर त्याच्यासाठी खुर्ची नसते. दाश्नाकांचे पुढारी राष्ट्राध्यक्षांना भेटू शकतात, गवंडी भेटू शकत नाही.

झुरिकबद्दल मात्र माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. करार योग्य होते की अयोग्य, यावर मी काही म्हटलेले नाही. सल्ला घ्यायचा नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, सल्ल्याचा देखावा करून पाच शहरे फिरू नयेत, एवढेच. झळ न बसणाऱ्याने बोलू नये हे तत्त्व मानले, तर झळ न बसणाऱ्याकडून पैसेही मागू नयेत. सरकारने पैशापुरते ‘आपण एक राष्ट्र’ आणि मतापुरते ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न’ असे दोन कायदे ठेवले होते, आणि अहवालाने नेमके त्यावर बोट ठेवले.

कोरा कागद

वाचताना कोकणातील मुंबईकर मंडळे आठवली. देवळाचा जीर्णोद्धार मुंबईकरांच्या वर्गणीतून होतो, पाटीवर त्यांची नावे लागतात, आणि गणपतीत गावी आल्यावर पाणीयोजनेचा प्रश्न काढला की सरपंच म्हणतात, ‘तुम्ही दहा दिवसांचे पाहुणे’. तुलना इथेच थांबवतो, कारण चाकरमान्याला परका देश, परकी भाषा आणि नरसंहार यांतले काही भोगावे लागलेले नाही. माझा एकच प्रश्न आहे: 2018 मध्ये सत्ता बदलल्यावर यात काही फरक पडला का?

तळटीप

फरक पडला, पण एका रेषेत नाही. एप्रिल 2018 मध्ये सार्गस्यान यांना रस्त्यावरच्या आंदोलनामुळे पायउतार व्हावे लागले आणि 8 मे रोजी त्या आंदोलनाचे नेते निकोल पशिनयान पंतप्रधान झाले. ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’च्या भ्रष्टाचार निर्देशांकात आर्मेनियाला 2017 आणि 2018 मध्ये 35 गुण होते, 2019 मध्ये 42 आणि 2020 मध्ये 49 झाले. त्यानंतर चढ थांबला. 2023 मध्ये 47 गुण होते. म्हणजे ‘पॉलिसी फोरम’ने 2013 मध्ये ज्या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला होता, त्यात सुधारणा झाली ती देशातल्या लोकांनी रस्त्यावर उतरल्यावर. परदेशस्थांच्या मोठ्या संस्था त्या आठवड्यांत बहुतांशी काठावर उभ्या होत्या. दाश्नाक पक्ष तर तोवर सार्गस्यान यांच्या सरकारात सहभागी होता.

परदेशस्थांसाठीचे मंत्रालय 2019 मध्ये बंद झाले आणि त्याच्या जागी उच्चायुक्ताचे कार्यालय आले. त्यावर कॅलिफोर्नियातील ग्लेनडेलचे माजी महापौर झारेह सिनानयान यांची नेमणूक झाली. (आपल्याकडेही 2004 मध्ये अनिवासी भारतीयांसाठी वेगळे मंत्रालय काढले आणि 2016 मध्ये ते परराष्ट्र मंत्रालयात विलीन केले, हे आठवले.) 2020 पासून ‘इगोर्त्स’ नावाच्या योजनेखाली परदेशातील आर्मेनियन व्यावसायिक वर्षभर सरकारी खात्यांत काम करू लागले. माझ्या मते ‘पॉलिसी फोरम’च्या मागणीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच आहे: देणगीऐवजी कसब, आणि तेही कचेरीच्या आत बसून. अर्थात वर्षभराच्या पाहुण्याला फाइल किती हलवता येते, हा प्रश्न उरतो.

वरची पदे मात्र बंदच आहेत. 2015 च्या घटनेनुसार संसद सदस्य होण्यासाठी आधीची चार वर्षे फक्त आर्मेनियाचे नागरिकत्व असावे लागते, राष्ट्राध्यक्षासाठी हीच अट सहा वर्षांची आहे. या अटीची धार जानेवारी 2022 मध्ये दिसली. अनेक वर्षे लंडनमध्ये राहिलेले राष्ट्राध्यक्ष आर्मेन सार्किस्यान यांच्याकडे पूर्वी सेंट किट्स आणि नेव्हिसचे नागरिकत्व होते, या शोधपत्रकारांच्या तपासाच्या सुमारासच त्यांनी राजीनामा दिला. गंमत अशी की, देशाचे पहिले परराष्ट्रमंत्री राफी होव्हानिसियन हे कॅलिफोर्नियात जन्मलेले होते. 1991 मध्ये जे चालले, ते आज घटनेत बसत नाही.

आकडेमोड

मतदानाच्या प्रश्नावर दोन ओळी. दूतावासातील मतदान पुन्हा सुरू करा, अशी मागणी वारंवार होते. तिला होणारा विरोध केवळ स्वार्थी नाही. आर्मेनियाचे नागरिकत्व असलेले परदेशस्थ मोठ्या संख्येने रशियात आहेत, आणि तिथे मतपेट्या ठेवल्या तर त्यांच्यावर कोणाचा दबाव येईल हे येरेवानमध्ये सगळेच जाणतात. दुसरीकडे, निवडणुकीत मतदारांचा आकडा 25 लाखांच्या घरात असताना बाहेरचे काही लाख मतदारसुद्धा निकाल फिरवू शकतात. म्हणून मला वाटते, संस्थेने मताचा मार्ग न धरता माहितीचा मार्ग धरला हे शहाणपणाचे होते. मतदान केंद्रांचे आकडे तपासायला नागरिकत्व लागत नाही.

उंबरठा

पण त्या आकड्यांमुळे 2008 मध्ये काय झाले? काहीच नाही. सार्गस्यान दहा वर्षे राहिले.

आकडेमोड

खरे आहे. पण 2016 मध्ये सह्यांच्या याद्या जाहीर करण्याची मागणी जेव्हा मान्य झाली, तेव्हा ‘असे काही होतच नाही’ हे म्हणणे सरकारलाही शक्य नव्हते. हे श्रेय एकट्या संस्थेचे नव्हे. देशातल्या निरीक्षक संघटनांचे ते अधिक आहे. बाहेरच्यांचे आकडे आणि आतल्यांचे धैर्य यांची ही विभागणी मला ठीक वाटते.

तळटीप

निधीबद्दल राहिलेच. 2020 च्या शरदात काराबाखवरून अझरबैजानशी झालेल्या 44 दिवसांच्या युद्धात ‘हायास्तान’ निधीकडे जगभरातून विक्रमी देणग्या आल्या, आणि त्यांतील 10 कोटी डॉलरहून अधिक रक्कम आर्मेनिया सरकारच्या खात्यात वळवण्यात आली. सामाजिक, आरोग्य आणि पायाभूत गरजांसाठी ती लागली, असे स्पष्टीकरण देण्यात आले. युद्ध हरल्यानंतर हे कळल्यावर अनेक देणगीदार संतापले. आपण काराबाखच्या लोकांना पैसे दिले की अर्थखात्याला, हा त्यांचा प्रश्न होता. त्याआधी 2018 मध्ये याच निधीच्या तत्कालीन कार्यकारी संचालकाला संस्थेचे कार्ड ऑनलाइन जुगारासाठी वापरल्याच्या प्रकरणात अटक झाली होती.

पिंपळपान (धागालेखक)

तळटीप, हा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता, कारण त्यातून माझ्याच प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. मी विचारले होते की सत्तर लाखांच्या वतीने जाब विचारणार कोण. या निधीच्या विश्वस्त मंडळाची रचना पाहिली तर त्याचे अध्यक्षपद पदसिद्ध म्हणून राष्ट्राध्यक्षांकडे, आणि सदस्यांत मंत्री, धर्मगुरू, जुने पक्ष व मोठे दाते. ज्याच्याकडून हिशेब घ्यायचा, तोच वही सांभाळतो. अशा रचनेत दात्याचा राग आला तरी तो पोहोचणार कुठे? माझ्या वाचनानुसार 2010 च्या अहवालाचे म्हणणे नैतिक आवाहनापेक्षा अधिक रचनेबद्दलचे होते, आणि मी ते पहिल्या वाचनात आवाहन म्हणून वाचले होते. मत, मंत्रिपद, नागरिकत्व हे सगळे पुढचे प्रश्न आहेत. दिलेल्या पैशाचा स्वतंत्र हिशेब तपासण्यासाठी त्यांतल्या कशाचीही गरज नव्हती.

उंबरठा यांच्या आक्षेपाचा मात्र माझ्याकडे अजून समाधानकारक प्रतिवाद नाही. 1990 नंतरच्या दशकात याच निधीतून झालेल्या रस्त्याच्या वाटेने, लाचिनजवळचा 2022 मध्ये बदललेला टप्पा सोडला तर, सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानच्या लष्करी कारवाईनंतर काराबाखमधून एक लाखाहून अधिक माणसे काही दिवसांत आर्मेनियात आली. त्यांची घरे, शाळा, पाण्याच्या योजना यांत परदेशस्थांचा मोठा पैसा होता. त्यानंतर पशिनयान यांनी ‘वास्तव आर्मेनिया’ ही भूमिका मांडली: आपले राष्ट्र म्हणजे आजच्या सीमांमधला देश. बैरूत किंवा पॅरिसमधल्या ज्या कुटुंबाचे मूळ गाव आज तुर्कस्तानात आहे, त्याला या वाक्याने आपण नेमके कुठले म्हणून सांगितले जाते, हे मला अजून उलगडलेले नाही. यावर कोणी बैरूतच्या किंवा पॅरिसच्या आर्मेनियन वृत्तपत्रांतील प्रतिक्रिया वाचल्या असतील तर इथे जरूर लिहावे. मी पुढच्या आठवड्यात 2013 चा भ्रष्टाचाराचा अहवाल वाचून त्यावर स्वतंत्र प्रतिसाद देईन.